मदत हवी आहे: आईला पासबुकच हवं, अ‍ॅप नको. कुणी मधला मार्ग काढलाय का?

नमस्कार मंडळी. प्रश्न आईचा आहे. वय ७८, डोकं तल्लख, हिशोब माझ्याहून पक्का. बाबा गेल्यापासून तिचे सगळे व्यवहार तीच बघते. अडचण एवढीच की तिला बँकेचा हिशोब कागदावर लागतो. तिच्या बँकेने घरी येणारं छापील स्टेटमेंट बंद करून ईमेलवर पाठवायला सुरुवात केली आहे, आणि शाखेतलं पासबुक छापायचं मशीन कधी चालू, कधी बंद. गेल्या महिन्यात दोनदा हेलपाटा झाला.

मी आधी तिच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकून दिलं. तीन आठवडे ती मनापासून प्रयत्न करत होती. ओटीपी येतो, मेसेज उघडायचा, आकडे लक्षात ठेवायचे, परत अ‍ॅपमध्ये यायचं, तोवर वेळ संपलेली. हाताला थोडा कंप आहे, त्यामुळे एकच आकडा दोनदा उमटतो. एकदा पासवर्ड चुकत गेला आणि खातं लॉक झालं. तेव्हा म्हणाली, "पैसे माझे, आणि दार मलाच बंद." त्या दिवसापासून मी आग्रह सोडला.

ती पासबुक कसं तपासते ते सांगते, म्हणजे अडचण लक्षात येईल. डाव्या हाताला पासबुक, उजव्या हाताला तिची खर्चाची डायरी. ओळीखाली पट्टी धरते, डायरीतली नोंद शोधते, जुळली की पेन्सिलीने टिक. जुळली नाही तर गोल. सगळं होईपर्यंत तास जातो आणि तोवर तिच्याशी कुणी बोलायचं नाही! गेल्या वर्षी विम्याचा एकच हप्ता दोनदा कापला गेला होता, तो या गोलामुळेच सापडला. पासबुक घेऊन ती शाखेत गेली आणि पैसे परत मिळवून आली. तेव्हा तिच्या खात्याचे मेसेज माझ्याच फोनवर येत होते. दोन्ही मेसेज मी पाहिले होते, पण एकच मेसेज परत आला असेल असं समजून सोडून दिले. त्यामुळे "आता वय झालं, हट्ट करते" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. स्क्रीनवर ओळ वर सरकली की गेली, तिथे टिक कुठे करणार?

शिवाय बँकेतून बोलतोय म्हणून फोन करून फसवणारे आहेतच. तिची ती भीती मला रास्त वाटते.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी हा प्रश्न सुटला आहे का? छापील स्टेटमेंट पुन्हा सुरू करून घेता येतं का? तिच्या नकळत मी सगळं माझ्या हातात घ्यावं, हा सल्ला मात्र नको आहे.

प्रतिसाद १

मी बरीच वर्षं बँकेत काउंटरवर होतो. तोंडी विचारू नका, लेखी अर्ज द्या. वय, नजर आणि हाताचा कंप ही कारणं त्यात स्पष्ट लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. लेखी अर्ज हातात आला, की "नाही" म्हणण्याआधी माणूस विचार करतो.

दुसरं म्हणजे पासबुक फार दिवस न छापता ठेवू नका. बऱ्याच बँकांमध्ये नोंदी साचल्या की त्यांची बेरीज एका ओळीत छापली जाते. मग आईंना टिक करायला तपशीलच उरत नाही, वेगळं स्टेटमेंट मागावं लागतं. आणि एटीएमच्या पावत्या त्या जपून ठेवत असतील तर झेरॉक्स काढून ठेवा. तो थर्मल कागद असतो, उष्णतेने आणि उजेडाने अक्षरं पुसट होत जातात.

प्रतिसाद २

आमच्याकडे वडिलांसाठी दर महिन्याच्या पाच तारखेला स्टेटमेंट डाउनलोड करून मोठ्या अक्षरांत छापून देतो. काही बँकांत खातं फक्त पाहण्यापुरतं उघडून देतात, व्यवहार करता येत नाहीत, तशी सोय आहे का विचारा.

ताई, एक कळकळीने सांगतो. खात्याला आईंचाच नंबर ठेवा. मेसेज तुमच्याकडे आले तर त्यांच्या पैशांची खबर त्यांनाच सगळ्यात शेवटी लागेल.

कागद मागणाऱ्या तुमच्या आई एकट्या नाहीत. जपानमध्ये एका मोठ्या बँकेने २०२१मध्ये नव्या खात्यांच्या कागदी पासबुकाला शुल्क लावलं, तेव्हा ७० वर्षं आणि त्यापुढच्या ग्राहकांना त्यातून वगळलं होतं. हेही अर्जात लिहायला हरकत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. अर्ज दिला, पोच घेतली. नंबर अ‍ॅपच्या वेळीच बदलून तिचा लावला होता, तो तसाच ठेवते.

काल स्टेटमेंट छापून दिलं. अक्षरं मोठी केली, पट्टी नीट बसावी म्हणून दोन ओळींत जागा सोडली आणि टिक करायला उजवीकडे एक रिकामा रकाना ठेवला. तिला आवडलं, रात्री बसून सगळं जुळवलंही. पण सकाळी कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "हे तू छापलंस गं. उद्या काही चुकलं तर बँक म्हणेल, हा आमचा कागद नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा आता एवढंच विचारते: घरी छापलेल्या अशा स्टेटमेंटवर शाखेत सही-शिक्का मारून मिळतो का, की त्यांनीच छापलेलं लागतं? कुणी करून घेतलं असेल तर काउंटरवर नेमकं काय मागायचं ते सांगा. सोमवारी आम्ही दोघी जाणार आहोत.