गॉब्लिन शार्कचा जबडा नेहमीच बाहेर असतो का?

प्रश्न
गॉब्लिन शार्कच्या बहुतेक छायाचित्रांत लांब, चपट्या नाकाडाखालून सुईसारख्या दातांचा जबडा बाहेर आलेला दिसतो. हा मासा पोहतानाही असाच दिसतो का? नाकाडाने तो तळाचा चिखल उकरतो, असेही वाचले. ते खरे आहे का?

प्रतिसाद १
तो चेहरा बहुधा जाळ्यातून वर काढलेल्या किंवा मेलेल्या माशाचा असतो. जिवंतपणी जबडा डोक्याखाली मिटलेला असतो आणि त्याचे लवचीक अस्थिबंध ताणलेले असतात. भक्ष्य टप्प्यात येताच तो ताण सुटतो आणि गलोलीतून खडा सुटावा तसा जबडा पुढे झेपावतो. जपानी संशोधकांनी समुद्रातील चित्रफितींवरून केलेली मोजमापे २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्यांत जबड्याचा वेग सेकंदाला सुमारे ३.१ मीटर आणि झेप शरीराच्या लांबीच्या सुमारे ९ टक्के भरली. म्हणजे दोन मीटरच्या माशाचा जबडा जवळजवळ वीतभर पुढे जातो.

प्रतिसाद २
या झेपेची गरज त्याच्या सुस्त शरीरामुळे पडते. स्नायू लिबलिबीत, पर लहान आणि शेपटीला खालचा भाग जवळजवळ नाहीच, त्यामुळे पाठलाग करणे त्याच्या आवाक्यातले नाही. तेलाने भरलेले यकृत वजनाच्या चौथ्या हिश्शापर्यंत असू शकते. तेल पाण्याहून हलके असल्याने त्याच्या आधाराने तो फारशी हालचाल न करता भक्ष्याजवळ सरकत असावा. नाकाड मऊ असल्याने चिखल उकरण्याच्या कामाचे नाही. त्यावरील असंख्य सूक्ष्म रंध्रे भक्ष्याच्या शरीरातून येणारे क्षीण विद्युतसंकेत टिपतात, आणि शेकडो मीटर खोल अंधारात डोळ्यांपेक्षा तीच उपयोगी पडतात. गुलाबी रंग हा कातडीचा नसून अर्धपारदर्शक कातडीखालच्या रक्तवाहिन्यांचा आहे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. हा मासा प्रथम कोठे सापडला, आणि त्याच्या प्रजननाविषयी काय माहीत आहे?

प्रतिसाद ३
जपानमध्ये, योकोहामाजवळ. तेथे मिळालेला १०७ सेंटीमीटरचा अल्पवयीन नर योकोहामातील व्यापारी व प्राणिसंग्राहक ॲलन ओस्टन यांच्याकडून टोकियोचे प्राणिशास्त्रज्ञ काकिची मित्सुकुरी यांच्याकडे आला, आणि अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड स्टार जॉर्डन यांनी १८९८ साली त्याचे वर्णन करताना या दोघांचीही नावे त्याला दिली. जपानी लोककथांतील लांबनाक्या ‘तेंगू’वरून तेथे त्याला ‘तेंगू-झामे’ म्हणतात. गाभण मादी कोणी पाहिलेली नाही, असे अनेक जुन्या लेखांत आढळते. मात्र २०२३ साली तैवानजवळ पकडलेल्या सुमारे ४.७ मीटरच्या मादीच्या पोटात सहा पिल्ले आढळल्याचे वृत्त होते.