अनुभव धागा : सार्वजनिक उद्यानांत घडलेली करिअर

महापालिकेच्या बागेत रोज फिरायला जाणाऱ्यांना तिथे राबणारी माणसे दिसतात. पण ती या कामात कशी आली, काय शिकली आणि का टिकली, हे सहसा कोणी विचारत नाही. बारावीनंतर किंवा कृषी पदवीनंतर या क्षेत्राकडे वळावे का, असे विचारणारी मुले माझ्या ओळखीत वाढू लागली आहेत, म्हणून प्रत्यक्ष काम केलेल्या मंडळींना येथे लिहिण्याची विनंती केली. नोकरीची स्थिती स्पष्ट सांगावी आणि समाधान कशात मिळाले ते कामाच्या तपशिलासह लिहावे, एवढीच अपेक्षा होती.

निवृत्त मुकादम, पुणे

मी शेतकरी घरातला. माळी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करून उद्यान विभागात लागलो आणि मुकादम म्हणून निवृत्त झालो. सुरुवातीला माझ्याकडे फक्त लव्हाळा हे हिरवळीतले चिवट तण काढण्याचे काम होते. लव्हाळ्याची पात वरून ओढली की दोऱ्यासारखा देठ मध्येच तुटतो, गाठ जमिनीत राहते आणि थोड्याच दिवसांत तिथूनच नवी पात डोके वर काढते. त्यामुळे खुरप्याचे टोक पातीच्या बाजूने खोल घालून गाठीसकट माती उचलावी लागते. हे काम अंगवळणी पडले तेव्हा हिरवळीखालची जमीन मला हाताने वाचता येऊ लागली : कुठे मुरूम आहे, कुठे पाणी साचते, कुठे मुळे गुदमरली आहेत.

पुढे पु. ल. देशपांडे उद्यानातील हिरवळ जवळून पाहता आली. जपानमधील ओकायामा शहराच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर ते उभारले आहे, म्हणून तिथे सपाट लॉनऐवजी उंचसखल टेकाडे आहेत. अशा टेकाडाच्या माथ्यावर कापणी यंत्राचे पाते खोल बसते आणि गवत मुळापासून सोलले जाते. तिथे पाते वर उचलून, दिशा बदलून यंत्र फिरवावे लागते. हे बारकावे नव्या मुलांना शिकवण्यात मला पगाराइतकाच आनंद मिळाला, आणि आजही बागेत गेलो की माझी नजर आधी टेकाडाच्या माथ्याकडे जाते.

उद्यान सहायक, ठाणे जिल्हा

मी दापोलीच्या कृषी विद्यापीठातून उद्यानविद्येची पदवी घेतली. वर्गातल्या बहुतेकांनी फळबाग किंवा बँकेतील कृषी अधिकारीपद निवडले. शहरातील झाडांचे काम निवडणारी मी जवळजवळ एकटीच होते. आमच्या कामाला महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्याचा आधार आहे. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, त्यामुळे पाहणी करून अहवाल लिहिणे हा कामाचा मोठा भाग असतो. पावसाळ्यापूर्वीची छाटणी मात्र माझ्या विशेष जिव्हाळ्याची आहे. गुलमोहराची जड फांदी वरून थेट कापली तर ती पडताना बुंध्याची साल खालपर्यंत ओरबाडून नेते. म्हणून आधी बुंध्यापासून हातभर अंतरावर खालून चीर द्यायची, मग किंचित पुढे वरून कापायचे, आणि भार उतरल्यावर उरलेला खुंट अशा रीतीने काढायचा की फांदीच्या मुळाशी असलेल्या सालीच्या फुगीर कड्याला धक्का लागू नये. तो कडा शाबूत राहिला तर साल चहूबाजूंनी आत सरकत जखम मिटवू लागते. मी सुरुवातीला छाटलेल्या झाडांवरच्या अशा जखमा आता पूर्ण मिटल्या आहेत. नागरिकांच्या दूरध्वनींचा ताण असतो, स्पर्धा परीक्षेतून जागा मिळेपर्यंत वाट पाहावी लागते. तरीही मी हीच नोकरी पुन्हा निवडीन.

रोपवाटिकेतील कंत्राटी कामगार

या कामाचे कौतुक वाचून कोणी फसू नये, म्हणून लिहिते. मी ठेकेदाराकडून लागलेली आहे. ठेकेदार बदलला की आमची हजेरी नव्याने सुरू होते, आणि एका ठेकेदाराच्या काळात भविष्य निर्वाह निधीचे पैसे भरले गेले की नाहीत हे कळायलाही आम्हा बायकांना खेटे घालावे लागले. कायम जागा कमी आहेत, हे मुलांनी आधीच समजून घ्यावे आणि पहिल्या महिन्यापासून पगाराची पावती मागून घ्यावी.

काम मात्र मनापासून आवडते. पेटुनियाचे बी धुळीसारखे बारीक असते, ते बारीक वाळूत मिसळून पेरावे लागते, वर माती टाकायची नसते आणि पाणी फवाऱ्यानेच द्यायचे असते. हे मला जमते, म्हणून साहेबांनी हंगामी फुलांचे वाफे माझ्याकडे सोपवले. हिवाळ्यात चौकातल्या वाफ्यांत माझी रोपे फुललेली दिसतात.

वृक्षपरिचय फेऱ्या घेणारी वनस्पतिशास्त्राची पदवीधर, मुंबई

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, लोक पेंग्विन पाहायला येतात. परंतु १८६२ मध्ये खुली झालेली ही बाग मुळात वनस्पतींचा खजिना आहे. गोरखचिंचेचा अवाढव्य बुंधा मुलांना लगेच भावतो. उर्वशी या झाडाची नवी पालवी तांबूस आणि लुळी लोंबत असते, त्यामुळे "झाड आजारी आहे का?" हा प्रश्न हमखास येतो आणि तिथूनच खरा पाठ सुरू होतो. शाळांच्या सहली, माहितीफलकांचे लेखन आणि वृक्षगणनेची कामे मिळून माझे उत्पन्न होते. ते स्थिरावायला वेळ लागला.

वनरक्षक, बोरिवली

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान वन विभागाकडे आहे, त्यामुळे आमची भरती वेगळी : बारावी, लेखी परीक्षा आणि धावण्याची चाचणी. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून मोकळे पट्टे, काढणे आणि गस्त घालणे हे मुख्य काम. येथे कारवी हे रानझुडूप २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये फुलले. आठ वर्षांतून एकदा फुलून, बी धरून ते वाळते. दोन्ही बहर मी नोकरीत असताना पाहिले.

एका विद्यार्थ्याचा प्रश्न : भरती निघेपर्यंत काय करावे?

निवृत्त मुकादम : बाळा, एखाद्या रोपवाटिकेत हाताखाली काम कर. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शन पाहा आणि मांडणी करणाऱ्या माळ्यांशी बोल. नव्या माणसाला मी आधी आळे करायला सांगत असे. बुंध्याला माती चढवून पाणी बाहेरच्या कडेला फिरेल असे आळे ज्याने न सांगता केले, त्याला पुढचे काम लगेच देत असे.