तोशिबा अणुभट्टीने बुडाली की स्वतःच्या हिशेबाने?

हिशेबनीस

२० डिसेंबर २०२३ ला तोशिबाच्या शेअरचं नाव टोकियोच्या बाजारातून निघालं. १९४९ पासून नोंद असलेली कंपनी जेआयपी या जपानी फंडाने सुमारे २ लाख कोटी येनमध्ये विकत घेतली. वेस्टिंगहाऊस या तोशिबाने घेतलेल्या अमेरिकी कंपनीची अणुभट्टी नडली, असं सगळीकडे लिहिलं जातं. मला ते पटत नाही. कंपनी त्याआधीच आतून पोखरलेली होती.

लॅपटॉप विभागाचंच बघा. तोशिबा सुटे भाग विकत घ्यायची आणि तैवानच्या जुळणी करणाऱ्या कंपन्यांना ते कितीतरी चढ्या किमतीला द्यायची. तयार लॅपटॉप परत घेताना तो फरक किमतीत धरलेला असायचाच, म्हणजे खरी कमाई शून्य. पण मधल्या काळात तो फरक नफा म्हणून दिसायचा. मग तिमाही संपत आली की गरजेपेक्षा जास्त भाग तिकडे ढकलायचे. काही महिन्यांत तर विभागाचा नफा विक्रीपेक्षा मोठा दाखवला गेला! सप्टेंबर २०१२ मध्ये अध्यक्ष सासाकी यांनी या विभागाला तीन दिवसांत १,२०० कोटी येनने आकडा सुधारायला सांगितलं. तीन दिवसांत माल विकून एवढा पैसा येत नाही, हे सांगणाऱ्यालाही कळत होतं आणि ऐकणाऱ्यालाही.

१८७५ मध्ये तानाका हिसाशिगे या कसबी कारागिराने गिन्झात तार-यंत्रांचं दुकान काढलं, तिथून ही परंपरा सुरू होते. त्या घराण्याची ही गत झाली याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घाटमाथा

मुद्दा वाचला, पण आकडे उलटं सांगतात. २०१५ च्या चौकशी समितीने फुगवलेला नफा काढला तो सुमारे सात वर्षांत मिळून १५,१८० कोटी येन. आणि २०१६-१७ या एकाच वर्षाचा तोटा ९६,५७० कोटी. कुठे हे, कुठे ते! हिशेबाच्या घोटाळ्यातून कंपनी सावरली असती. तीन माजी-आजी अध्यक्ष गेले, दंड भरला, विषय संपला असता.

खरा घाव २००६ चा. ५४० कोटी डॉलरला वेस्टिंगहाऊस घेतली. २०११ ला त्सुनामीमुळे फुकुशिमाच्या अणुप्रकल्पात अपघात झाला आणि नव्या भट्ट्यांची मागणी आटली. अमेरिकेत जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनातली भट्ट्यांची कामं लांबत गेली, खर्च वाढत गेला. मार्च २०१७ ला वेस्टिंगहाऊसने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्सुनामी येणार हे २००६ मध्ये कुणाला ठाऊक होतं? याला दुर्दैव म्हणा, लबाडी नको.

हिशेबनीस

फुकुशिमा दुर्दैवच. पण त्यानंतर काय केलं? वेस्टिंगहाऊसने २०१२ आणि २०१३ च्या आर्थिक वर्षांत स्वतःच्या वहीत मालमत्तेच्या किमतीत सुमारे १३० कोटी डॉलरची घट दाखवली होती. तोशिबाने ती भागधारकांना नोव्हेंबर २०१५ मध्ये सांगितली, तीही बातमी फुटल्यावर. भट्टीचं दुखणं वेळेत कळलं असतं तर २०१५ च्या अखेरीस अमेरिकेतल्या त्याच भट्ट्या बांधणारी कंपनी, स्टोन अँड वेबस्टर, वेस्टिंगहाऊसच्या गळ्यात कुणी बांधू दिली असती का? तुम्ही ज्यांना दोन वेगळी प्रकरणं म्हणता, ती एकाच टेबलावरची आहेत.

तिसरी_पाळी

तुम्ही दोघंही मेमरीबद्दल का बोलत नाही? मी सेमीकंडक्टरच्या कामात आहे, मला तीच गोष्ट सर्वात जास्त टोचते. फ्लॅश मेमरी, म्हणजे वीज गेली तरी माहिती धरून ठेवणारी चिप, तोशिबातच जन्मली. फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये ती जगासमोर मांडली, १९८७ मध्ये तिचा नँड हा प्रकार आला. आज तुमच्या-माझ्या फोनमधले फोटो त्याच तत्त्वावर साठतात. या माणसाला मोबदल्यासाठी कंपनीवर खटला भरावा लागला, आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. त्याच वर्षी वेस्टिंगहाऊससाठी मात्र तिजोरी उघडी होती.

पुढे तीच मेमरी विकली. बेन या अमेरिकी गुंतवणूक फंडाच्या गटाने जून २०१८ मध्ये सुमारे २ लाख कोटी येन मोजले. आज तिला किओक्सिया म्हणतात.

घाटमाथा

विकायची हौस नव्हती हो. सलग दोन वर्षं देणी मालमत्तेपेक्षा जास्त राहिली तर शेअर बाजारातून नाव जाणार, असा नियम होता. मार्च २०१८ ही मुदत. दुसरं विकण्यासारखं राहिलं होतं काय? वैद्यकीय यंत्रं कॅननला गेली होती, फ्रिज-वॉशिंग मशीन मिडिया या चिनी कंपनीला.

तिसरी_पाळी

पण डिसेंबर २०१७ मध्ये परदेशी फंडांना नवे शेअर देऊन ६० हजार कोटी येन उभे केलेच ना? नाव जाण्याचा धोका तिथेच टळला. तरीही विक्री रेटली. वर हेच फंड मालक होऊन बसले. २०२१ मध्ये त्यांनी मतदानाने संचालक मंडळाचे अध्यक्ष नागायामा यांना घरी पाठवलं, आणि २०२२ मध्ये कंपनीचे तुकडे करायची व्यवस्थापनाची योजनाही भागधारकांनी फेटाळली. चार-पाच वर्षं कारखान्याकडे बघायला कुणाला सवड होती?

हिशेबनीस

फंडांना दोष देणं मला मान्य नाही. नागायामा गेले त्याच्या काही दिवस आधीच स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला होता. २०२० च्या सभेत भागधारकांवर दबाव आणण्यासाठी व्यवस्थापनाने सरकारी मंत्रालयाशी संगनमत केलं, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. अशा मंडळाला मत कुणी आणि का द्यावं?

मेमरीबद्दल मात्र तिसरी_पाळी यांच्याशी पूर्ण सहमत. एक सांगा, आता रोह्म या जपानी चिप कंपनीने जेआयपीच्या सौद्यात पैसे घातलेत आणि पॉवर सेमीकंडक्टरमध्ये, म्हणजे विजेचा प्रवाह सांभाळणाऱ्या चिपमध्ये, रोह्म आणि तोशिबा एकत्र काम करतायत. जर्मनीच्या इन्फिनिऑन या चिप कंपनीपुढे त्यांचा टिकाव लागेल असं तुम्हाला कामाच्या अनुभवावरून वाटतं का?