अनुदानावरचा 'राखीव' शिक्का काढला, तिथेच घोळ झाला

परसदार:
2005 ते 2014 मी इंग्लंडमध्ये सपोर्ट वर्कर होते. सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे नर्स का? नाही. अंघोळ घालणं, औषध देणं आमच्याकडे नव्हतं. साठीचे एक गृहस्थ होते, पंधरा वर्षं मनोरुग्णालयात काढून स्वतःच्या फ्लॅटवर राहायला आलेले. आलेलं पत्र उघडायचेच नाहीत. दारामागे ढीग साचायचा आणि तो ओलांडून हे आत-बाहेर करायचे. मी मंगळवारी जायचे. दोघं जमिनीवर बसून पाकिटं फोडायचो. जाहिराती एकीकडे, विजेचं बिल एकीकडे, भाड्याच्या थकबाकीचं पत्र त्यांच्या हातात. फोन त्यांनीच लावायचा, मी नुसती शेजारी. तासाभराचं काम, पण ते नसतं तर वर्षाच्या आत घर गेलं असतं.

या तासाचे पैसे 'सपोर्टिंग पीपल' नावाच्या अनुदानातून यायचे. एप्रिल 2003 मध्ये ते सुरू झालं, पहिल्या वर्षी सुमारे 1.8 अब्ज पौंडांचं. वृद्ध, बेघर, घरच्या मारहाणीतून सुटून आलेल्या बायका, मानसिक आजार असलेले, तुरुंगातून बाहेर आलेले, सगळे त्यात. 2009 मध्ये हा पैसा याच कामाला वापरण्याचं बंधन, म्हणजे 'राखीव' शिक्का, काढला आणि काउन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थेला, मोकळीक दिली. मग ओहोटी. 2010-11 ते 2014-15 या काळात काउन्सिलांनी यावरचा खर्च साधारण 45 टक्क्यांनी कापला, हे तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचं म्हणणं. माझं मत सरळ आहे, असं अनुदान राखीवच हवं. बोला.

जुना_कारकून:
असहमत. स्थानिक संस्थेच्या हिशेबात माझी हयात गेली. राखीव निधी म्हणजे एका खात्यात पैसे पडून, शेजारच्या खात्यात छप्पर गळतंय, आणि हात लावला की ऑडिटचा शेरा. मग वर्षअखेरीला ते कसेबसे 'उडवायचे'. शिवाय 2010 नंतर केंद्र सरकारने काउन्सिलांचे पैसेच छाटले. शिक्का असता तर तेही अनुदान छाटलं असतं. दोष कात्रीचा, तुम्ही ओरडताय शिक्क्यावर.

परसदार:
कात्री सगळ्यांवर चालली, पण सारखी नाही. मुलांचं संरक्षण, अपंगांची आणि वृद्धांची काळजी ही कायद्याने बंधनकारक. दारामागचं पत्र उघडायला मदत करणं कुठल्या कायद्यात आहे? म्हणून पहिला घाव आमच्यावर. 'इंडिपेंडंट लिव्हिंग फंड'चं बघा. 1988 पासून तीव्र अपंगत्व असलेल्यांना स्वतः मदतनीस नेमायला पैसे मिळायचे. 30 जून 2015 ला तो बंद करून इंग्लंडमध्ये रक्कम काउन्सिलांकडे वळवली, राखीव न ठेवता. स्कॉटलंडने दुसऱ्याच दिवसापासून आपला वेगळा फंड चालू ठेवला. वेगळं खातं ठेवणं शक्य होतं एवढंच दाखवतेय.

हातमाग:
परसदार यांना +1. ब्रिटिश सरकारनेच 2009 मध्ये एका सल्लागार कंपनीकडून हिशेब करून घेतला होता. 1.61 अब्ज पौंड खर्चावर वर्षाला 3.41 अब्ज पौंडांचा निव्वळ फायदा. इस्पितळ, तुरुंग, बेघरांची तात्पुरती सोय, हे सगळं वाचतं म्हणून.

खडीसाखर:
हे आकडे मला नेहमी खटकतात. सगळं गणित 'ही मदत नसती तर' यावर उभं. नसती तर तो माणूस इस्पितळात गेला असता, हे गृहीत. भावाकडे गेला असता तर? बहिणीने नोकरी सोडली असती तर? तो खर्च कोणाच्याच वहीत नाही. आणि वाचलेला पैसा इस्पितळाच्या खात्यात, काउन्सिलच्या नाही. मग काउन्सिलने स्वतःचा खिसा का रिकामा करावा?

परसदार:
शेवटचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे हो! फायदा तिसऱ्याला आणि खर्च आपल्याला, अशा कामाला मोकळ्या तिजोरीतून कोणीच पैसे देत नाही. म्हणून तर शिक्का.

निरंजन_वात:
'समाजात स्वतंत्र' हे शब्द ऐकले की मला दक्षिण आफ्रिका आठवते. ग्वाटेंग प्रांताने 2016 पर्यंत लाइफ एसिडिमेनी या खासगी संस्थेच्या इस्पितळांमधल्या दीडेक हजार मनोरुग्णांना संस्थाबाह्य काळजीच्या नावाखाली हलवलं, खर्च वाचवायचा म्हणून. ज्या संस्थांकडे पाठवलं त्यांचे परवाने धड नव्हते, पैसेही वेळेवर पोचत नव्हते. भूक, थंडी, दुर्लक्ष. 144 माणसं गेली. तुम्ही निधी राखीव ठेवाल, पण त्या दाराआड काय चाललंय ते बघणारा कोण? निदान इस्पितळात राउंड तरी होतो.

हातमाग:
राउंड पंधरा वर्षं झाला आणि माणूस पत्र उघडायला विसरला, हेही लिहा. अपंगांच्या हक्कांच्या 2006 च्या संयुक्त राष्ट्र करारातलं 19 वं कलम म्हणतं की कुठे आणि कोणाबरोबर राहायचं हे त्या माणसाने ठरवायचं. ग्वाटेंगमध्ये त्यांना विचारलं कोणी?

निरंजन_वात:
कलम मान्य. तपासनीस कुठाय ते सांगा. राखीव पैशातला काही भाग अचानक भेटीसाठी ठेवणार असाल तर मी तुमच्या बाजूने.

जुना_कारकून:
म्हणजे शिक्क्यात पुन्हा शिक्का. 🙂 बरं, पाच वर्षांसाठी राखीव, मग फेरविचार, असं असेल तर मीही ओढत बसणार नाही. परसदार, त्या गृहस्थांचं पुढे काय झालं?

परसदार:
2012 मध्ये भेटी आठवड्यावरून महिन्यावर आल्या. मग भेट बंद, त्यांना एक फोन नंबर दिला, अडलं तर लावा म्हणून. जो माणूस पाकीट फोडत नाही तो फोन लावणार! शेवटच्या मंगळवारी दारामागे पुन्हा ढीग होता, आम्ही तो संपवला. ऑफिसात येऊन फाइल बंद करायचा फॉर्म भरला. 'सेवा थांबवण्याचं कारण' या रकान्यात निधीचा पर्यायच नव्हता. 'आता स्वतंत्रपणे राहतात' वर खूण कर म्हणाले. केली.