पहाटेच्या स्वप्नातलं दुसरं आयुष्य : चालू द्यावं का?

निशिगंध :
ताणाच्या काळात रोज पहाटे एकाच वेगळ्या आयुष्याची स्वप्नं पडत असतील, म्हणजे दुसरं गाव, दुसरं घर, तिथली ओळखीची झालेली माणसं, आणि त्यानं जीव हलका होत असेल, तर ती तशीच चालू द्यावीत का? पहाटेच का पडतात? लिहून ठेवायची तर कशी?

पहाटवारा :
झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं. त्यातला रेम टप्पा, म्हणजे मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात तो स्वप्नांचा टप्पा, पहिल्या चक्रात जेमतेम १० मिनिटांचा, पहाटेकडे तो लांबत जातो. गोष्टीसारखी सलग स्वप्नं म्हणूनच तेव्हा पडतात.

लिहायचं असेल तर जाग आल्यावर कूस बदलू नका, मोबाइलला हात लावू नका. डोळे मिटूनच शेवटचं दृश्य धरा आणि तिथून मागे मागे जा. मग उशाशी ठेवलेल्या वहीत पाच-सहा ओळी, त्याही वर्तमानकाळात : ‘जिना लाकडी आहे, खालून फोडणीचा वास येतोय.’ खाली मनःस्थितीचा एकच शब्द. दोन आठवड्यांनी फक्त ते शब्द वाचा. घर, गाव बाजूला राहतं आणि ‘निवांत’ किंवा ‘कुणाला घाई नाही’ असंच काही पुन्हा पुन्हा आलेलं दिसतं. कमी पडतंय ते हे. त्यातलं अर्धा तासभर तरी दिवसात आणा.

अक्षरवेडी :
वहीला अनुमोदन. बिघडतं ते अलार्मपाशी. स्वप्न पुढे सरकावं म्हणून माणूस स्नूझ दाबत राहतो, उठायला उशीर, मग रात्री झोप लांबते आणि ताण आणखी वाढतो. उठायची वेळ रविवारीही तीच ठेवा.

जागेपणी तेच आयुष्य रंगवत बसणं मात्र वेगळं. येरझाऱ्या घालत, तीच तीच गाणी लावून तासन्‌तास जात असतील आणि कामं अडत असतील, तर त्याला मानसशास्त्रात स्वतंत्र नाव आहे, ‘मॅलअ‍ॅडॅप्टिव्ह डेड्रीमिंग’; इस्रायलचे मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी ते २००२ साली मांडलं. तिथे समुपदेशकाची मदत घ्याच.

कंदील :
औषधंही तपासा. रक्तदाबाची प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल यांनी स्वप्नं ठळक होऊ शकतात. नैराश्याच्या बऱ्याच गोळ्या रेम दाबतात. एकदम बंद केल्या की तुंबलेलं रेम उसळून येतं. दारू सोडल्यावरही तेच. डोस मनानं बदलू नका, डॉक्टरांना विचारा. झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं होत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञ गाठा.

आणि उठल्यावर ‘हे आयुष्य नकोच’ असं वाटू लागलं तर वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी १४४१६ वर, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.