चर्चमध्ये सगळे ओळखीचे असताना एवढं सेफगार्डिंग कशाला? (ब्रिटनमधल्या मेथडिस्ट मंडळींसाठी चर्चा)

मिडलँड्सकर
आमचं मेथडिस्ट चर्च लहान आहे, रविवारी तीस-पस्तीस माणसं आणि मुलं जेमतेम सात-आठ. गेल्या चर्च कौन्सिलला (चर्चचा कारभार बघणारी बैठक) सेफगार्डिंग पॉलिसीचा, म्हणजे मुलांना आणि दुबळ्या मोठ्या माणसांना अत्याचारापासून जपायच्या नियमांचा, वार्षिक आढावा होता. एरवी हा विषय दहा मिनिटांत सही होऊन बाजूला पडतो, यावेळी तासभर वाद झाला. ठराव असा होता की संडे स्कूलला दुसरं मोठं माणूस नसेल तर त्या रविवारी मुलांना मागच्या खोलीत न्यायचंच नाही, ती आईवडिलांजवळ उपासनेतच बसतील. त्यावर एकजण म्हणाले, "अहो त्या बाई पंचवीस वर्षं मुलांना शिकवतायत, त्यांच्यावर संशय घेणार?" आणि अर्ध्या लोकांनी माना डोलावल्या.

मला ठराव शंभर टक्के पटतो, आणि सूट कुणालाच नको, मिनिस्टरला, म्हणजे पाळकालाही नको. ब्रिटनच्या मेथडिस्ट चर्चने १९५० पासूनची जुनी प्रकरणं स्वतःच तपासून घेतली आणि मे २०१५ मध्ये अहवाल जाहीर केला. १,८८५ प्रकरणं निघाली, त्यातली ९१४ लैंगिक अत्याचाराच्या आरोपांची. जवळपास चौथ्या हिश्शात मिनिस्टर किंवा चर्चच्या कर्मचाऱ्यांचीच नावं होती. चर्चने जाहीर माफी मागितली. आता मिनिस्टर म्हणजे काय बाहेरून आलेला अनोळखी माणूस असतो का? त्याला आपण घरी जेवायला बोलावतो, आजारपणात त्याच्याकडून प्रार्थना करून घेतो. मग "आम्ही त्यांना ओळखतो" या वाक्यावर मुलं सोपवायची तरी कशी? तुमच्या चर्चमध्ये काय करता ते लिहा.

जुना_स्टुअर्ड
मुलांच्या सुरक्षिततेला माझा विरोध नाही हे आधी सांगतो, नाहीतर लगेच तसा अर्थ काढला जातो. पण मी बरीच वर्षं स्टुअर्ड, म्हणजे चर्चची व्यवस्था बघणारा, आहे आणि जमिनीवरची परिस्थिती मला दिसते. रेफरन्स द्या, डीबीएस (गुन्ह्यांच्या नोंदीची सरकारी तपासणी) करा, फाउंडेशन मॉड्यूलला, म्हणजे सेफगार्डिंगच्या ट्रेनिंगला बसा, चार वर्षांनी परत बसा. आमच्याकडे सत्तरी ओलांडलेल्या दोन बायकांनी हे ऐकून "आता आमच्याच्याने होत नाही" म्हणत काम सोडलं. त्या सोडून गेल्यावर मुलांसाठी उरलं कोण? कोणीच नाही. संडे स्कूल बंद, मग ती कुटुंबं पण येईनाशी झाली. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. रडणाऱ्या पोराला जवळ घ्यायलाही माणूस आता दहादा विचार करतो, याला आपण ख्रिस्ती प्रेम म्हणायचं का? १,८८५ चा आकडा मला हलवतो, नाही असं नाही, पण तो साठ-पासष्ट वर्षांचा आणि अख्ख्या देशाचा आहे. तो दाखवून प्रत्येक लहान चर्चला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका.

संडेस्कूलवाली
स्टुअर्ड काका, मिडलँड्सकरांच्या कौन्सिलमध्ये ज्या बाईंवर संशय घेणार का असं विचारलं ना, तसलीच मी एक आहे, म्हणून मी बोलते. दुसरं मोठं माणूस खोलीत असणं मला अपमान वाटत नाही, मला त्याचा आधार वाटतो. एकटी असताना काय व्हायचं ते सांगते. चार वर्षांच्या मुलाला टॉयलेटला जायचंय, टॉयलेट कॉरिडॉरच्या टोकाला, त्याच दारातून हॉलमध्ये कोणीही ये-जा करतं. मी त्याच्यासोबत गेले तर बाकीची मुलं कात्री आणि डिंकाच्या टेबलावर एकटी, नाही गेले तर तो एकटा जाणार. दोन्ही चूकच. इथे संशयाचा काही संबंधच नाही, साधी गोष्ट आहे, एका माणसाला दोन ठिकाणी उभं राहता येत नाही. एनएसपीसीसी ही मुलांच्या संरक्षणासाठी काम करणारी संस्था ४ ते ८ वर्षांच्या सहा मुलांमागे एक मोठं माणूस सांगते आणि मुलं कमी असली तरी मोठी माणसं किमान दोन.

आणि रडणाऱ्या मुलाला जवळ घेऊ नका असं मला कुठल्याही ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलेलं नाही. सगळ्यांसमोर, मुलाच्या उंचीला बसून, त्याला हवं असेल तर घ्या, एवढंच आहे. आमच्या खोलीच्या दाराला काच आहे, तिच्यावर नाताळापासून चित्रं चिकटवलेली होती, आतलं काहीच दिसायचं नाही. मी ती काढून भिंतीवर लावली. याला कुठला फॉर्म लागला?

प्रश्नचिन्ह
मला दोन्ही बाजूंचं थोडं पटत नाहीये. डीबीएसचा एवढा जप चालतो पण त्यात फक्त नोंद झालेलंच दिसणार. जो कधी पकडलाच गेला नाही त्याचं सर्टिफिकेट कोरं करकरीत. असा माणूस तो कागद फाइलला लावून निवांत आत शिरतो आणि कौन्सिल म्हणते आम्ही चेक केलंय. मला तर यात मुलांपेक्षा चर्चचा स्वतःचा बचावच जास्त दिसतो, उद्या काही झालं तर दाखवायला कागद हवा म्हणून.

मिडलँड्सकर
@प्रश्नचिन्ह डीबीएसबद्दल बरोबर आहे तुमचं, पण ते आलं कुठून तेही बघा. २००२ च्या सोहम नावाच्या गावातल्या प्रकरणात शाळेत लागलेल्या केअरटेकरविरुद्ध आधी तक्रारी झालेल्या होत्या, पोलिसांकडे माहिती होती, नेमणुकीच्या वेळी ती पुढेच आली नाही आणि दोन मुली जिवानिशी गेल्या. त्यानंतर २००६ चा कायदा आला, २०१२ मध्ये डीबीएस स्थापन झालं. ती पहिली चाळणी आहे, शेवटची नाही. म्हणून तर मी दुसऱ्या माणसासाठी भांडतोय. माणसाची नोंद असो नसो, खोलीत दुसरे डोळे असले की एकांतच मिळत नाही.

आणि कागद स्वतःच्या बचावासाठी म्हणताय तर रिपोर्टिंगचा नियम वाचा. काही कानावर आलं की २४ तासांच्या आत डिस्ट्रिक्ट (आपल्या भागातल्या मेथडिस्ट चर्चचा मोठा विभाग) सेफगार्डिंग ऑफिसरकडे गेलं पाहिजे, तातडीचा धोका असेल तर आधी ९९९ ला, म्हणजे पोलिसांना फोन. मूल काही सांगत असेल तर त्याचेच शब्द लिहून ठेवायचे, आपण खोदून खोदून विचारायचं नाही, "कोणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, ज्याच्याबद्दल सांगितलं त्याला जाऊन जाब विचारायचा नाही. चर्चची अब्रू वाचवायची असती तर नियम बरोबर उलटा लिहिला असता.

लीड्सची_नर्स
सगळे मुलांवरच बोलतायत. आपल्या बहुतेक चर्चमध्ये मुलं कमी आणि वयस्कर माणसं जास्त आहेत, त्यांचं काय? २०१४ च्या केअर अॅक्टच्या मार्गदर्शनात मोठ्या माणसांवरच्या अत्याचाराचे १० प्रकार दिलेत, त्यात पैशाची लुबाडणूक आहे आणि स्वतःकडे दुर्लक्ष होणं हेसुद्धा आहे. मी जे पाहिलंय ते सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एक आजी एकट्या राहतात, ऐकू कमी येतं. चर्चमधलं एकजण त्यांना गाडीने आणायचं, मग दुकानातून सामान आणून द्यायला लागलं, मग कार्ड आणि पिन त्याच्याकडेच राहिला. पावत्या नाहीत. मग हळूहळू "आजींनी प्रेमाने दिलं" अशा वस्तू वाढत गेल्या. चर्चमध्ये सगळे म्हणायचे किती सेवाभावी माणूस. सुरुवातीला खरंच सेवाभावी असेलही, मला माहीत नाही, पण एकाच माणसाच्या हातात किल्ली, कार्ड आणि आजींचा अख्खा आठवडा गेला की चांगल्या माणसाचाही पाय घसरतो आणि बघायला कोणीच नसतं.

इथे मुलांपेक्षा एक गोष्ट अवघड आहे. २००५ च्या मेंटल कपॅसिटी अॅक्टप्रमाणे आजींचा निर्णय आपल्याला शहाणपणाचा वाटत नाही म्हणून त्यांना निर्णय घेता येत नाही असं धरता येत नाही. म्हणून आधी त्यांच्याशीच बोलायचं, एकट्यात, त्या माणसाला बाहेर ठेवून, त्यांना काय हवंय ते विचारायचं. त्या नको म्हणाल्या तरी दबाव दिसत असेल किंवा इतरांनाही धोका असेल तर ऑफिसरशी बोलावंच लागतं.

जुना_स्टुअर्ड
म्हणजे आता मी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना दुधाची बाटली नेऊन द्यायची तरी कौन्सिलची परवानगी काढू? माणुसकीचं ऑफिस करून टाकलंय सगळं.

लीड्सची_नर्स
दूध बिनधास्त न्या काका. पिन घेऊ नका. आणि चर्चच्या नावाने नियमित सामान आणत असाल तर वहीत पावती चिकटवा आणि आळीपाळीने दोघं जा. उद्या त्या बाईंचा मुलगा येऊन तुम्हालाच विचारेल ना, तेव्हा ती वही तुमच्याच कामाला येईल.

शनिवारची_शाळा
आम्ही मराठी वर्गासाठी मेथडिस्ट चर्चचा हॉल भाड्याने घेतो. त्यांनी विचारलं तुमची सेफगार्डिंग पॉलिसी आहे का, नसेल तर आमची पाळाल असं लिहून द्या. आमच्या पालकांत केवढा गजहब! "आपल्या मुलांचं आपण बघून घेऊ, हे कोण सांगणार?" मी तेव्हाही म्हटलं आणि आताही म्हणतो, आपल्यालाच हे जास्त लागू आहे. आपल्यात प्रत्येक मोठा माणूस काका नाहीतर मामा. मूल आईच्या मागे लपतंय आणि आपण त्याला पुढे ढकलतोय, "काकांना पापी दे, बघ काका रागावले." मूल नको म्हणतंय ते आपण लाजरेपणा म्हणून हसण्यावारी नेतो, आणि नको म्हणायचं नसतं हे त्याला आपणच शिकवतो. आता आमच्या वर्गात मूल हात जोडून नमस्कार करतं, पुढचं त्याच्या मर्जीवर. काही आज्ज्यांना आवडलं नाही. चालेल.

क्षमेचं_काय
मला वेगळाच प्रश्न पडलाय. लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून आलेला माणूस उपासनेला यायचं म्हणाला तर? आमच्याकडे हे झालंय. डिस्ट्रिक्टने त्याच्याशी लेखी सेफगार्डिंग कॉन्ट्रॅक्ट केलं, ठरलेल्याच उपासनेला यायचं, सोबत कायम एकजण, कॉफीच्या वेळी मुलं असतात त्या बाजूला जायचं नाही, आणि त्याला भेटत राहणारा चारपाच जणांचा गट. देवाने क्षमा केली तर आपण त्याच्या मागेपुढे पहारा का ठेवायचा? पश्चात्ताप खरा असेल तर त्याला हे किती लागत असेल.

संडेस्कूलवाली
खरा पश्चात्ताप झालेल्याला तो पहारा वाटणार नाही असं माझं मत. क्षमा एक गोष्ट आणि मुलांजवळ पुन्हा मोकळीक दुसरी. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला मेथडिस्ट चर्चमध्ये पद देता येत नाही हा नियमच आहे, पण उपासनेचं दार उघडं ठेवलंय, त्यासाठीच तर हे कॉन्ट्रॅक्ट. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींनी १७४३ च्या नियमांत सगळ्यात पहिला नियम "कुणाचं नुकसान करू नका" हा लिहिला, चांगलं करा हा त्याच्यानंतर येतो. आणि त्याच बाकांवर असं काही सोसलेली एखादी बाई बसलेली असेल, तिने कोणाला सांगितलंही नसेल, क्षमेचा विचार करताना ती कोणाच्या डोळ्यापुढे येते का?

जुना_स्टुअर्ड
हे पटलं. पण माझा आक्षेप वेगळा आहे, ते चारपाच जण सोडून बाकी चर्चला काहीच कळत नाही. माझी नात तिथे येते. मला माहीत असायला नको?

मिडलँड्सकर
काका, या प्रश्नाचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. सगळ्यांना सांगितलं तर तो माणूस दुसऱ्या चर्चला जाईल जिथे त्याला कोणीच ओळखत नाही, आणि तिथल्या मुलांना त्या गटाचंही संरक्षण नसेल. म्हणून मी गुप्ततेच्या बाजूने आहे, पण नातीच्या आजोबांना हे पचणार नाही हेही कळतं.

नाव_नको
मी एरवी कुठे लिहीत नाही. लहानपणी मी एका मोठ्या माणसाला सांगितलं होतं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, रडले पण माझ्यासोबत, आणि म्हणाले बाहेर गेलं तर मंडळी फुटेल, आपलेच दात आपलेच ओठ. तो माणूस नंतरही कित्येक वर्षं बायबल वाचायला पुढे उभा राहायचा आणि मी तिसऱ्या रांगेत. माझं ऐकणारे वाईट नव्हते, फारच चांगले होते. त्यांना पुढे काय करायचं हे माहीत नव्हतं आणि तसं करायला लावणारा नियमही नव्हता. तुम्ही ज्याला कागदपत्रं म्हणताय ते तेव्हा असतं तर त्यांना चोवीस तासांत फोन करावा लागला असता.

लीड्सची_नर्स
@नाव_नको तुम्ही लिहिलंत, खूप आभार. अजून कोणाशी बोलावंसं वाटलं तर डिस्ट्रिक्टच्या ऑफिसरकडे जुन्या गोष्टीही घेतात, कितीही वर्षं झाली असली तरी, आणि पोलिसही घेतात. कोणाला आत्ता एखाद्या मुलाची काळजी वाटत असेल तर एनएसपीसीसी ०८०८ ८०० ५०००.

जुना_स्टुअर्ड
वरचं वाचून काही वेळ उत्तर सुचलं नाही. ठरावाला मी आता विरोध करणार नाही. पण दोन माणसं दर रविवारी आणायची कुठून हे अजून कोणी सांगितलेलं नाही, आणि त्याशिवाय तुमचा ठराव म्हणजे संडे स्कूल बंदच.

संडेस्कूलवाली
आम्ही सर्किटमधल्या (जवळपासच्या मेथडिस्ट चर्चच्या गटातल्या) शेजारच्या चर्चशी जोडी केली, महिन्यातले दोन रविवार मुलं तिकडे आणि दोन इकडे, दोन्हीकडचे शिक्षक एकत्र. स्वयंसेवकांना डीबीएसची फी नसते. तुमच्या त्या दोघी बायकांना फॉर्मचीच भीती असेल तर त्यांच्याजवळ बसून कोणीतरी तो भरून द्या, आमच्याकडे एका तरुण मुलाने लॅपटॉप घेऊन तेच केलं आणि तिघी परत आल्या. त्या दोघींना एकदा विचारून बघाल का?

जुना_स्टुअर्ड
विचारतो. एकीच्या मुलीचा नंबर आहे माझ्याकडे.