दोन फुटी रीफ टँकसाठी शांत पण रंगीत मासे सुचवा

कोथरूडला फ्लॅटमध्ये हॉलच्या आतल्या भिंतीशी, म्हणजे ऊन येणार नाही अशा जागी, २४ बाय १८ बाय १८ इंचांचा खाऱ्या पाण्याचा टँक लावला आहे. रॉक आणि वाळू वजा जाता पाणी १०० लिटरच्या आसपास भरतं. सायकल, म्हणजे घाण पचवणारे बॅक्टेरिया वाढवणं, पूर्ण झाली आहे. अमोनिया, नायट्राइट शून्य, नायट्रेट १०, ग्रॅव्हिटी (खारेपणाचं माप) १.०२५, तापमान २६. आत झोअँथिड, थोडे मश्रूम आणि एक लेदर असे मऊ कोरल (प्रवाळ) आहेत, तिन्ही छान उमललेत. मासा मात्र अजून एकही नाही, कारण घरात एकमत होत नाही.

लेकीला निळा टँग हवा. सासूबाईंना ‘काहीतरी पिवळं, लांबून दिसेल असं’. कॅम्पातला एक दुकानदार म्हणतो, ताई, डॅमसेल न्या, मरत नाहीत, आठ-दहा आरामात मावतील. मला मारामाऱ्या बघायच्या नाहीयेत. टँक जेवणाच्या टेबलासमोरच आहे.

मी काढलेली यादी: ऑसेलारिस क्लाउनची जोडी, रॉयल ग्रामा, फायरफिश, मँडरिन, सिक्सलाइन रास. यातलं काय ठेवू, काय गाळू? आणि सगळे एकदम आणले तर चालतील का? उन्हाळ्याचंही सांगा, एप्रिलमध्ये आमचा हॉल तापतो. आगाऊ धन्यवाद.

खारंपाणी:
पहिले तीन ठेवा, शेवटचे दोन गाळा. सिक्सलाइन दिसतो देखणा, पण लहान टँकमध्ये एकदा रुळला की नंतर येणाऱ्या प्रत्येकाच्या मागे लागतो. मँडरिनला तर कुणाशीच देणंघेणं नसतं, त्याचा प्रश्न पोटाचा आहे. तो दिवसभर रॉकवरचे कोपेपॉड, म्हणजे अगदी बारीक जिवंत जीव, टिपत फिरतो. १०० लिटरमधले कोपेपॉड तो बघता बघता संपवतो आणि बहुतेक मँडरिन तयार खाण्याला तोंड लावत नाहीत. हळूहळू पोट खपाटीला जातं. लेकीला टँगबद्दल स्पष्टच सांगा, तो मोठेपणी फूटभर होतो. दोन फुटी टँकमध्ये त्याने वळायचं कुठे?

डॅमसेल मरत नाहीत हे खरंच आहे, बाकीचे मरतात. आता क्लाउनही त्याच घराण्यातला, त्यामुळे अगदीच गरीब गाय नाही. पण ऑसेलारिस त्यातल्या त्यात सोसणारा. दोन्ही पिल्लंच घ्या, एक जरा मोठं, एक लहान. मोठं मादी होतं, लहान नर राहतं. दोन मोठे क्लाउन एकत्र सोडलेत तर मात्र जुंपेल. अॅनिमोन लागत नाही, ते तुमच्या लेदरलाच घर मानतील. टँकमध्ये वाढवलेलीच मागा. आपल्याकडे सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) क्लाउनची पैदास केव्हाच जमवली आहे, समुद्रातून पकडलेला घ्यायचं काही कारण नाही.

सासूबाईंसाठी यलो वॉचमन गोबी. वाळूवर बसतो, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. जमलं तर जोडीला पिस्टल श्रिंप घ्या. श्रिंपला फारसं दिसत नाही. तो बीळ उकरून वाळू बाहेर लोटत असतो आणि एक मिशी सतत गोबीच्या अंगाला लावून ठेवतो. धोका दिसला की गोबी शेपटी थरथरवतो आणि दोघेही आत. जेवणाच्या टेबलावरून बघायला याहून चांगलं काही नाही. फक्त रॉक वाळूवर टेकलेले नकोत, थेट काचेवर बसलेले हवेत. नाहीतर श्रिंप खालून पोखरणार आणि डोलारा कोसळणार.

म्हणजे पाच मासे झाले. तेवढ्यावर थांबा.

मुठेकाठचा:
+१. ग्रामा घेताना डोळे उघडे ठेवा. रॉयल डॉटीबॅक अगदी तसाच, पुढून जांभळा, मागून पिवळा, आणि दुकानात नावांची सरमिसळ होते. ग्रामात जांभळा रंग ठिपक्याठिपक्यांनी पिवळ्यात विरत जातो आणि पाठीच्या पराच्या पुढच्या टोकाला काळा ठिपका असतो. डॉटीबॅकचे दोन रंग पट्टी लावून कापल्यासारखे वेगळे. तो भांडकुदळ आहे, फायरफिशला बिळातून बाहेर येऊ देणार नाही. ग्रामा कॅरिबियन समुद्रातला, इतक्या लांबून येतो म्हणून महागच असतो. फार स्वस्त मिळाला तर ठिपका आधी शोधा.

फायरफिश दचकला की सरळ वर उडी मारतो. वरून झाकण हवंच, पण काचेचं नको, पाणी तापतं. खिडक्यांना मच्छरजाळी बसवणाऱ्याकडून नायलॉनची जाळी चौकटीत बसवून घ्या.

खारंपाणी:
क्रम राहिलाच. आधी गोबी आणि फायरफिश. ते रुळले, समोर येऊन खायला लागले की ग्रामा. क्लाउन सर्वात शेवटी. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या, नाहीतर बॅक्टेरियांना वाढीव घाण झेपत नाही. प्रत्येक मासा आधी चार आठवडे वेगळ्या साध्या टँकमध्ये ठेवा, रॉक-वाळू काही नको, एखादा पीव्हीसीचा तुकडा लपायला पुरे. व्हाइट स्पॉट हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मुख्य टँकमध्ये शिरला की तिथे त्यावरचं औषध, कॉपर, टाकता येत नाही, कोरल आणि श्रिंप मरतील.

मूळ पोस्टवाली:
दोघांचेही मनापासून आभार. मँडरिन गाळताना जिवावर आलं. दुकानदार आता समुद्रघोडा आणि कडक कोरलही आणून देतो म्हणतोय. घेऊ का? आणि उन्हाळ्याचं?

मुठेकाठचा:
अजिबात नको. समुद्रघोडे आणि कडक प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात. मऊ कोरलवरच टँक भरा, या माशांना तेवढं पुष्कळ आहे.

उन्हाळ्यात पाणी २९-३० वर जातं. पृष्ठभागावर छोटा पंखा तिरका मारला तर दोन-तीन अंश उतरतं, पण पाणीही भराभर उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची. खाऱ्या पाण्याची नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली तर पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) इन्व्हर्टरवर हवा, किंवा निदान बॅटरीवरचा एअरपंप. गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो.

खारंपाणी:
आरओ स्वयंपाकघरातलाच वापरताय का? त्यात चवीसाठी टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, बऱ्याचदा वाढवून दिलेला असतो. मीटर लावून आकडा टाका इथे. ५० च्या वर असेल तर मासे आणायच्या आधी ते बघू.